आवणीतली तारीख

गेल्या वर्षी पुण्याहून दोन मुली आमच्या तालुक्याच्या कोर्टात आल्या. गळ्यात ओळखपत्रं, पाठीवर पिशव्या. "सर, गरिबांच्या फौजदारी केसेससाठी इथे जी पद्धत सुरू झाली, तिचा आम्ही अभ्यास करतोय," म्हणाल्या. सर म्हणजे मी. मी आयुष्यभर बांधाचे आणि वाटणीचे दावे चालवले. दोन भावांमधली हातभर जमीन कोणाची, यावर मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलेन. फौजदारीतलं काही विचारलंत तर मी चहा मागवतो. तसा तो मागवलाही. मग त्यातली एक म्हणाली, "रत्ना उबाळे मॅडमनी सुरू केली ना ही पद्धत?" तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हटलं, "बसा. पद्धत नंतर. आधी बाई ऐका."

पद्धत तशी सांगायला सोपी आहे. साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, आरोपीला नाव विचारायच्या आधी एखाद्या वकिलानं त्याच्याशी बोललेलं असलं पाहिजे. डोंगरातली एसटी पोहोचेपर्यंत डोंगरातल्या माणसांचा पुकारा करायचा नाही. आणि भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत, त्यांना तारीख द्यायची नाही. आता जिल्ह्यातल्या बऱ्याच कोर्टांत हे चालतं. त्या मुलींना वाटत होतं की हे कुठल्यातरी समितीनं ठरवलं असणार. समित्या आमच्याकडेही येऊन गेल्या. पोहे खाऊन गेल्या.

रत्ना मूळची आणे गावची. जुन्नरच्या पूर्वेला पठारावरचं गाव, पाणी कमी आणि वारा भरपूर. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली त्याच दिवशी घरात ठरून गेलं होतं की पुढचं प्रत्येक पोर शिकणार, मुलगी असली तरी. वडील भागुजी एसटीच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करायचे. आई द्रौपदा घरची बाजरी बघायची. भागुजींना सुट्टी असली की ते लेकीचं काम बघायला कोर्टात येऊन शेवटच्या बाकावर बसायचे. कायदा त्यांना कळत नव्हता, पण बाहेर आल्यावर ते निकाल द्यायचे: "आज तुजा आवाज पयल्या गिअरमधीच अडकला व्हता." रत्ना ते मनावर घ्यायची. पुढच्या तारखेला खरोखर मोठ्यानं बोलायची.

ती आमच्याकडे आली नव्वदच्या आसपास. बार रूममध्ये तिला मिळालेली खुर्ची एका अंगाला कलायची, ती बदलून मागायचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. माझे वडील पोपटलाल मंचरच्या बाजारात धान्याची आणि हिरड्याची अडत चालवायचे, म्हणून ती मला पहिल्या आठवड्यापासूनच 'शेठ' म्हणायला लागली. मी वकील आहे याची तिला मधूनमधून आठवण करून द्यावी लागे. माझी आई प्यारीबाई हिनं एकदा तिला कोरडी भाकरी खाताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याला एक पुडा वाढला. त्यातलं तूप लावलेलं काही मला मिळायचं नाही. विचारलं तर आई म्हणायची, "तू बांधावरून भांडतोस, ती माणसांसाठी भांडते. भूक कोणाला जास्त लागेल?"

सरकारच्या खर्चानं मिळणारा वकील म्हणजे काय असतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला सांगायला नको. तो तारखेला उभा राहतो, पुढची तारीख मागतो, आणि आपल्या माणसाचं नाव फायलीवर वाचून सांगतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना अशी केस आली की जेवणानंतरची जांभई यायची. रत्ना ती केस मागून घ्यायची. कोंबडी चोरलेला माणूस असला तरी ती असं लढायची की सरकारी वकिलाला वाटावं, त्या कोंबडीच्या पोटात सोन्याचं अंडं होतं. मला तिचा राग यायचा. तिच्यामुळे आम्ही सगळे आळशी दिसायचो. आणि ती रजेवर असली की मला कोर्टात करमायचं नाही. दोन्ही खरं आहे.

पुढे दोन हजार तीनच्या सुमाराला जिल्ह्यातल्या अशा सगळ्या वकिलांचं काम तिच्याकडे सोपवलं गेलं आणि ती पुण्याला गेली. तिच्या हाताखालची पोरं तिला भितात असं ऐकतो. नव्या वकिलाला ती आधी काळा कोट काढायला लावते आणि दिवसभर कोर्टाच्या पायरीवर नुसतं बसवते. मग विचारते, "तुझा पक्षकार घरी कोणाला सांगून आलाय?" कलम कुठलं, हे नंतर. घरी कोण आहे, ते वाट बघतायत का, त्यांना कळलंय का, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून ती केस काढून घेते. एका मुलाला तिनं यावरून इतकं फैलावर घेतलं की तो रडला. मग त्यालाच घेऊन जेवायला गेली. तिचा राग असाच असतो.

हे सगळं ज्या प्रकरणातून निघालं, ते शहाण्णव सालच्या जुलैतलं.

एका सकाळी मी कोर्टाच्या व्हरांड्यात शिरलो तर एक म्हातारी पट्टेवाल्याशी हुज्जत घालत होती. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, पायाला चिखल, आवाज असा की आतल्या कोर्टानं थांबावं. ती तळेघरच्या वरच्या अंगाच्या वाडीतली सोनीबाई. पहाटे चालत निघून तिनं एसटी गाठली होती.

"माजा गेणभाऊ कुटं ठिवलाय, तेवडं सांग," ती म्हणत होती. "परवा कोर्टात आला तो घरी आलाच न्हाई."

पट्टेवाल्यानं सगळी नावं दोनदा पाहिली. परवाच्या दिवशी गेणभाऊ नावाचा कोणी कोर्टात आलाच नव्हता. ना आरोपी, ना साक्षीदार. "आजी, तो दुसरीकडे कुठं गेला असंल," तो म्हणाला. "दुसरीकडं जायाला त्याला दुसरं हाय कोन?" म्हातारी म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसली.

रत्ना दोन दिवस जुन्नरच्या कोर्टात एका खटल्यात अडकली होती, ती तेवढ्यात आली. ती म्हातारीजवळ पायरीवर बसली. मी आत जाऊन माझा बांधाचा दावा पुढे ढकलून बाहेर आलो तरी दोघी बोलतच होत्या. रत्नाचा चेहरा उतरला होता.

"शेठ," ती म्हणाली, "परवा ज्याला वॉरंटवर आत पाठवला ना, कुशाबा म्हणून, तो कुशाबा नव्हता. हिचा मुलगा होता."

आता हे समजायला डोंगरातली आवणी समजली पाहिजे. तिथं भाताचं खाचर एकट्या घराला लावून होत नाही. पाऊस थांबत नाही आणि रोपं वाट बघत नाहीत. म्हणून सगळी वाडी मिळून आज एकाचं खाचर लावते, उद्या दुसऱ्याचं. प्रत्येक घरातून एक माणूस जायचा. याला ते पडकई म्हणतात. घरचा कर्ता आजारी असला तर भाऊ जातो, भाऊ नसला तर चुलता, तोही नसला तर शेजारी. कोण आला याला महत्त्व नाही, घर आलं पाहिजे. सकाळी बांधावर घराघरांची नावं घेतात. "कुशाबा आला का?" असं विचारलं की त्याच्या वतीनं जो कोणी उभा असेल तो म्हणतो, "आला." यात कोणाला काही खोटं वाटत नाही, कारण त्यात खोटं काही नसतंच.

कुशाबावर जुनी केस होती. गुरं शेतात शिरल्यावरून दोन घरांत काठ्या निघाल्या होत्या. आदल्या पावसात दरड कोसळून एसटी बंद पडली, त्याच्या तारखा चुकल्या, आणि कोर्टानं वॉरंट काढलं. पुढची तारीख आली ती नेमकी त्याचं खाचर लावायच्या दिवशी. ज्याचं खाचर, तो त्या दिवशी हलू शकत नाही. चिखलणीचे बैलही त्यानंच धरायचे आणि सगळ्यांना जेवायलाही त्यानंच घालायचं. मग त्याचा शेजारी गेणभाऊ म्हणाला, मी जातो. कुशाबाचा धुतलेला सदरा घालून तो खाली आला. पट्टेवाल्यानं "कुशाबा" असा पुकारा केला. गेणभाऊ म्हणाला, "आलोय जी."

साहेबांनी विचारलं, इतक्या तारखांना का आला नाहीस? गेणभाऊला ते काही माहीत नव्हतं. तो गप्प राहिला. वकील आहे का? न्हाई. जामीन आहे का? न्हाई. काही सांगायचंय का? न्हाई जी. आणि तो कुशाबाच्या नावानं पुण्याच्या तुरुंगात गेला.

आम्ही बार रूममध्ये बसलो. मला उपाय सोपा वाटत होता. "रत्नाबाई, कुशाबा म्हणूनच त्याचा जामीन करा आणि बाहेर काढा. पुढच्या तारखेला खरा कुशाबा येईल. साहेबांनी त्याच्या तोंडाकडे धड पाहिलंही नसेल."

"आणि सरकारी वकिलानं पाहिलं असेल तर?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या नावानं कोर्टापुढं उभं राहायला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यात मी खोट्या नावाच्या अर्जावर माझी सही करू?"

"मग खरं सांगून टाका."

"खरं सांगितलं तरी कलम तेच, शेठ. तक्रार करायची की नाही, ते साहेबांच्या हातात. नाही केली तर गेणभाऊ घरी. केली तर मी माझ्या तोंडानं एका निरपराध माणसाला आत घातला." ती कलत्या खुर्चीतून उठली. "हे मी ठरवणारी कोण? आत तो बसलाय. त्यालाच विचारते."

ती पुण्याला जाऊन त्याला भेटून आली. ती तिथून हसत येईल की रडत, याची मला धास्ती होती. ती दोन्ही करत आली. गेणभाऊची तब्येत बरी होती. त्यानं तिलाच विचारलं होतं, वर पाऊस कसाय, कुशाबाचं खाचर झालं का. मग तिनं त्याला सगळं समजावलं. दोन्ही वाटांवरचा धोका सांगितला. तो ऐकून म्हणाला, "बाई, मी कुशाबाच्या नावानं आलोय. तो म्हनंल तवा माजं नाव सांगीन. मधीच कसं सोडायचं?"

"गेणभाऊ, तुरुंगात पडकई चालत नाही," ती त्याला म्हणाली होती.

"चाललीया की," तो म्हणाला. "हितं बी सकाळी नावं घेत्यात. कुशाबा म्हनलं की मी आलो म्हनतो."

मग वाडीवर जाणं आलं. हिरड्याच्या अडतीमुळे तो रस्ता माझ्या ओळखीचा, म्हणून मीही निघालो. आमचं घर जैन; आईनं दारात अडवलं. "चौमासा चालू आहे. चिखलात किती जीव पायाखाली येतील, कळतंय का तुला?" मी म्हटलं, एक जीव तुरुंगात आहे. ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग जा, पण खाली बघून चाल." म्हणून मी तळेघरपासून वरपर्यंत खाली बघून चाललो, आणि तरीही माझी एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली. रत्ना पुढे भराभर चालत होती. पठारावरची पोर, तिला चढाचं काय! मागे वळून म्हणायची, "शेठ, अडत बरी होती ना?"

वाडी सगळी खाचरात होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, पुरुष, कोणाच्या पाठीवर इरलं, कोणाच्या प्लास्टिकचा कागद. आम्हाला बघून सगळे ताठ उभे राहिले. त्यांच्यातून एक किडकिडीत माणूस बांधावर आला. तो कुशाबा. हात जोडले तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता.

"कवा सोडत्यात त्याला?" त्यानं आधी तेवढंच विचारलं.

रत्ना काही बोलायच्या आत सोनीबाई पुढे झाली. वाडीत तिचाच शब्द चालत असावा. "बाई, आमी ठरीवलंय," ती म्हणाली. "सायबाला म्हनावं, येकच मानूस किती दिस ठिवतोस? त्याला सोड. आमी पाळीपाळीनं बसतो. आज ह्या घरचा, उद्या त्या घरचा. कोर्टाचं बी मानूस कमी पडायचं न्हाई आन आमचं बी काम आडायचं न्हाई."

मागे सगळ्यांनी माना हलवल्या. चेष्टा नव्हती ती. रत्ना हसली, मग तिला रडू आलं, आणि ते तिनं लपवलं नाही. मला स्वतःला काय झालं ते मी सांगत नाही. चप्पल शोधायला वाकलो होतो, एवढं म्हणतो.

"सोनीबाई, कोर्टाला माणूस मोजून नको असतो," रत्ना म्हणाली. "ज्याच्यावर केस, तोच लागतो."

"मंग मी येतो," कुशाबा म्हणाला. "आत्ता येऊ?"

"शुक्रवारी गेणभाऊला कोर्टात आणतील. त्या दिवशी या. येताना जामिनासाठी सातबारा आणा."

"तवर त्याचं खाचर लावून होईल," कुशाबा समोरच्या चिखलाकडे बघून म्हणाला. ते खाचर गेणभाऊचंच होतं. "हे रिकामं ठिवून त्याला तोंड कसं दावायचं?"

शुक्रवारी सकाळी आख्खी वाडीच खाली आली. सातबारा कोणी आणायचा हे रत्नानं नीट सांगितलं नव्हतं, म्हणून प्रत्येकानं आपापला आणला होता, दुधाच्या पिशवीत गुंडाळून. कोर्टाच्या मागच्या भिंतीला ते सगळे उभे राहिले. साहेब नवीन होते, लातूरकडचे, कडक म्हणून नाव झालेले. त्यांनी चष्म्यावरून एकदा त्या गर्दीकडे पाहिलं, मग रत्नाकडे.

रत्ना उभी राहिली. आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. भागुजी शेवटच्या बाकावर होते; त्यांनी मान खाली घातलेली मी पाहिली. मग ती बोलायला लागली. कलमं तिनं नंतर सांगितली. आधी तिनं खाचर सांगितलं, पडकई सांगितली, बांधावर नावं कशी घेतात ते सांगितलं. "साहेब, पिंजऱ्यात उभा आहे तो कुशाबा नाही. तो गेणभाऊ. कुशाबा दारापाशी उभा आहे. हे लपवून जामीन मागता आला असता. मी मागत नाही."

सरकारी वकील ताडकन उठले. ही कोर्टाची फसवणूक आहे, दोघांवर तक्रार झालीच पाहिजे, उद्या प्रत्येक आरोपी भाड्याचा माणूस पाठवील. चुकीचं बोलत नव्हते ते. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो.

साहेबांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. "तुझं नाव काय?"

गेणभाऊनं दाराकडे पाहिलं. साहेबांनी पुन्हा विचारलं. तो दाराकडे बघत राहिला, कुशाबाकडे. रत्नानं त्याला काही खूण केली नाही. सांगायचं की नाही, हे तिनं त्याच्यावर सोडलं होतं, आणि त्या क्षणी मला तिचा फार राग आला.

मग दारातून कुशाबा बोलला. हळूच बोलला, पण कोर्टात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "गेणभाऊ, आवणी उरकली. तुजं बी खाचर लावलं. ये आता."

गेणभाऊ साहेबांकडे वळला. "मी गेणभाऊ, जी," तो साहेबांना म्हणाला. "कुशाबाच्या घरचं मानूस म्हनून आल्तो."

पट्टेवाला कुशाबाला गप्प करायला निघाला होता, त्याला साहेबांनी हातानं थांबवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वकीलबाई, याला पहिल्याच दिवशी हे सांगता आलं नाही?"

"साहेब, त्याला कोणी विचारलं नाही," रत्ना म्हणाली. आता तिचा आवाज चांगला लागला होता. "वकील आहे का, जामीन आहे का, हे विचारलं. तू कोण, कुठून आलास, हे विचारलं नाही. पुकाऱ्याच्या आधी दाराशी मला थोडा वेळ मिळाला असता, तर त्यानं पहिल्याच वाक्यात सांगितलं असतं. तो खोटं बोलायला आलाच नव्हता. मला तो वेळ द्या. रोज. माझा पक्षकार असो नसो, मी दाराशी बसेन."

साहेबांनी चष्मा पुन्हा लावला. मग त्यांनी लिहायला घेतलं. तक्रार करण्याचं कारण दिसत नाही. गेणभाऊला आत्ता इथूनच सोडा. बाईंनी मागितलेल्या वेळेबद्दल सोमवारी बोलू. सोनीबाईला शब्द कळले नसावेत, पण रत्नाचा चेहरा बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"आणि कुशाबा, तू पुढे ये," साहेब म्हणाले. "तुझं वॉरंट रद्द करतो. पण जामीन लागेल. तारखेला तू आला नाहीस तर त्यानं उत्तर द्यायचं. याला जामीन कोण राहतो?"

मागच्या भिंतीपासून सगळ्या वाडीनं एकदम दुधाच्या पिशव्या वर केल्या. पण त्यांच्या आधी पिंजऱ्यातून आवाज आला.

"मी हाय की, जी."

तो अजून पिंजऱ्यातून खालीही उतरला नव्हता. अंगात कुशाबाचाच सदरा होता. कोर्टात हशा पिकला. सरकारी वकील पुन्हा उठले, "साहेब, ज्यानं आत्ता कोर्टाला फसवलं तोच जामीन?" आणि बोलता बोलता त्यांनाही हसू आलं, त्यांनी रुमाल काढला.

साहेब हसले नाहीत. "बसा," ते म्हणाले. "कुशाबाचं खाचर लागावं म्हणून हा माणूस एक शब्द न बोलता तुरुंगात बसला. तारखेला तो त्याला घेऊन येणार नाही, असं तुम्हाला वाटतं का? मला जामिनाकडून दुसरं काय हवं असतं?"

रत्ना खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. भागुजी उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

सोनीबाईनं पिशवीतून लेकाचा सातबारा काढून दिला. कारकुनानं जामिनाचा कागद पुढे ओढला, गेणभाऊचा अंगठा शाईवर धरला आणि सवयीनं विचारलं, "नाव?" गेणभाऊच्या तोंडात कुशाबाचं नाव आलंच होतं. तो थांबला, एकदा कुशाबाकडे बघून हसला, आणि मग आपलं नाव त्यानं सावकाश, बापाच्या आणि गावाच्या नावासकट सांगितलं.